ॲलिस्टरला ताप नव्हता

आगाशीच्या बाजारातून समुद्राकडे निघालं की रस्ता थोड्याच वेळात केळीच्या वाड्यांमध्ये शिरतो. तिथल्या एका आळीत फ्लॉसी रुमाव राहते. तिचं घर शोधायला पत्ता लागत नाही, कान लागतात. जिथून जोराचा आवाज येईल ते तिचं घर. बाहेरच्या माणसाला वाटतं, आत भांडण पेटलंय. आत फ्लॉसी फक्त नवऱ्याला चहा गार होतोय म्हणून सांगत असते.

साठी ओलांडलेली, ठेंगणी, गाऊनवर ओढणी टाकून वाडीभर फिरणारी ही बाई सुकेळी करते. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, मांडवावर उन्हात पसरायची, रोज उलटायची, संध्याकाळी उचलून घरात न्यायची आणि चांगली लालसर चिकट झाली की केळीच्याच सुक्या पानात बांधायची. आगाशीची ही जुनी चीज. आता करणारी घरं थोडीच राहिली, कारण एवढं खपायची कोणाची तयारी नाही. फ्लॉसीची आहे. तिच्या सुकेळ्यांचं नाव आहे, तसं तिच्या तोंडाचंही आहे. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळी आळी जाणते. "फ्लॉसीला कळलं की चर्चची घंटा वाजवायची गरज नाही," असं तिचा नवरा प्लासिडच म्हणतो. प्लासिड दिवसातून मोजकं बोलणारा माणूस. त्याच्या वाटचं उरलेलं ती बोलते.

आता अशा बाईने मुलांच्या मनाच्या आजारांचं काम अंगावर घ्यावं, ज्यात पहिली अटच तोंड बंद ठेवायची, याला काय म्हणावं? पण तिने घेतलं. आणि तिला ते जड गेलं, म्हणूनच तिची गोष्ट सांगावीशी वाटते.

सुरुवात झाली एका बाकड्यापासून. बाजाराच्या तोंडाशी एका संस्थेचा छोटा दवाखाना आहे. तिथे दर शनिवारी मुलांच्या मनाचे डॉक्टर येऊ लागले, आणि त्यांच्या मदतीला सुझान नावाची तरुण समुपदेशक. सुझान नालासोपाऱ्याच्या दाटीत वाढलेली, मुंबईत शिकलेली. डॉक्टर आले, खोली मिळाली, बाहेर पाटी लागली, पाटीखाली बाकडं ठेवलं. फक्त मुलं येईनात. एका शनिवारी फ्लॉसी सुकेळ्यांचे पुडे घेऊन बाजारात आली होती. पाय दुखले म्हणून ती त्या रिकाम्या बाकड्यावर टेकली आणि दारातून आत डोकावली.

"काय गो बाय, माश्या मारते काय?"

सुझानला हसूही आलं आणि रडूही. तिने मनातलं सांगून टाकलं. अर्नाळ्यापासून इकडच्या वाड्यांपर्यंत किती शाळांत ती जाऊन आली होती. मुलं तिथे हळूच येऊन विचारतात, झोप लागत नाही, छातीत धडधडतं, जीव नकोसा झालाय. इथे या म्हटलं की एकही येत नाही.

फ्लॉसीने समोर पाहिलं. समोर बसस्टॉप, त्याच्या शेजारी मासळीवाल्या, पलीकडे भाजीवाल्या, आणि सगळ्यांचे डोळे या बाकड्यावर. ती मोठ्याने हसली. "अगो, या बाकड्यावर जे पोर बसेल, त्याचं नाव पुढच्या बसच्या आधी विरारला पोचेल. डॉक्टर चांगला आणलास, पण त्याला चव्हाट्यावर बसवलास. शनिवारी माझ्या अंगणात ये. पोरं केळी सोलायला येतातच."

आणि तसंच झालं. सुकेळ्यांचा हंगाम पाऊस सरला की सुरू होतो. शनिवारी शाळा लवकर सुटते. आळीतली, शेजारच्या गावांतली, अगदी अर्नाळ्याहून सायकलवर येणारी मुलंमुली फ्लॉसीच्या अंगणात चटईवर बसून केळी सोलतात. काम हलक्या हाताचं. नखाचा ओरखडा लागला की त्या जागी काळा डाग पडतो, म्हणून मान खाली घालून, नजर केळ्यावर ठेवून सोलावं लागतं. आणि समोरच्याकडे बघायचं नसलं की मुलं बोलतात. सुझान त्यांच्यात बसून सोलू लागली. पहिल्या दिवशी तिने इतकी केळी डागाळली की फ्लॉसीने ती सगळी तिलाच खायला लावली.

ज्याला वेगळं बोलायचं असेल त्याच्यासाठी बावखळाच्या काठी दोन खुर्च्या मांडल्या. बावखळ म्हणजे वाडीला पाणी देणारं तळं. अंगणातून खुर्च्या दिसत, पण तिथलं बोलणं ऐकू येत नसे. ज्याला डॉक्टरांकडे न्यायची गरज पडे त्याला प्लासिड आपल्या टेम्पोतून दवाखान्याच्या मागच्या दाराशी सोडे. केळ्यांच्या घडांमध्ये बसून कोण चाललंय, कोण बघतो?

सुझानने एकच नियम घातला होता. इथलं इथेच. फ्लॉसीने गळ्यातला क्रूस हातात धरून शपथ घेतली, आणि प्लासिडने त्या शपथेकडे जरा काळजीनेच पाहिलं. पण एक अख्खा हंगाम सरला, दुसरा उजाडला, आणि फ्लॉसीच्या तोंडून चकार शब्द बाहेर पडला नाही. पोटात गोष्ट ठेवून तिचं वजन वाढलं, असं ती स्वतःच म्हणे. आळीला नवल वाटलं. फ्लॉसीला काही झालंय का, अशी चौकशी प्लासिडकडे होऊ लागली.

एक मात्र तिने सुझानलाही सांगितलं नव्हतं. दूरच्या गावातल्या तिच्या माहेरी एक भाऊ होता. ॲलिस्टर. तो पुढे येईलच.

मागच्या ऑक्टोबरात चटईवर एक नवी मुलगी येऊन बसली. आली तशी मुकाट सोलू लागली. शेजारच्याच घरातली प्रीतल, वय सोळा. तिचा बाप जहाजावर, आई रोझलीन मूळची अर्नाळ्याची, आगाशीच्या बाजारात मासळी विकते. प्रीतल हुशार, गाणारी, चर्चच्या गायनवृंदात पुढे उभी राहणारी. अकरावीला विरारच्या कॉलेजात गेली आणि काही महिन्यांत मालवली. वर्गात बसली की श्वास अडकायचा. मग कॉलेज सुटलं, गाणं सुटलं, जेवण सुटलं. रोझलीनने नवस बोलून पाहिले, दृष्ट काढून पाहिली. शेवटी तीच दोन घरांमधल्या भिंतीवरून म्हणाली, "फ्लॉसीबाय, तुज्याकडं बसव तिला. माज्याशी बोलत नाय. पानी पन मागून घेत नाय."

प्रीतल बावखळाकाठच्या खुर्चीवर बसली. पुन्हा बसली. एका संध्याकाळी सुझान उठून आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. तिने रोझलीनला बाजूला घेतलं आणि प्रीतलच्या संमतीने फ्लॉसीलाही, कारण घर शेजारचं. मुलीला जगावंसं वाटत नाही. तिला एकटं सोडायचं नाही. येत्या शनिवारी डॉक्टरांना दाखवायचंच, आणि ती यायला तयार झाली आहे.

"मी तिला सरळ विचारलं," सुझान म्हणाली, "म्हणून तिने सांगितलं. विचारायला घाबरायचं नाही, मावशी. विचारल्याने कोणाच्या डोक्यात ते भरत नाही. उलट ओझं हलकं होतं."

फ्लॉसी भिंतीपलीकडच्या खिडकीकडे बघत राहिली.

आता ऑक्टोबर म्हणजे रोझरीचा महिना. आळीत मरियामातेची मूर्ती रोज एका घरी जाते. संध्याकाळी सगळी आळी त्या घरी जमते, जपमाळ होते, आणि शेवटी ज्याला ज्यासाठी प्रार्थना हवी तो ते मोठ्याने मांडतो. कोणाचं ऑपरेशन, कोणाचा व्हिसा, कोणाचं अडलेलं लग्न. सगळे एका सुरात म्हणतात, प्रभो, आमची प्रार्थना ऐक. मग उकडलेले चणे वाटतात आणि माणसं गप्पा मारत घरी जातात. इथे देवाशी बोलायचं ते सगळ्यांसमक्ष, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

त्या दिवशी मूर्ती कार्मिनच्या घरी होती. कार्मिन आळीतली सगळ्यात भाविक बाई आणि सगळ्यात चौकसही. जपमाळ संपली. फ्लॉसीच्या डोळ्यांसमोरून प्रीतलचा चेहरा हलत नव्हता. डोळे मिटलेले, हात जोडलेले, आणि तो बावखळाच्या पलीकडे ऐकू जाणारा आवाज निघाला.

"आपल्या प्रीतलसाठी. तिच्या मनातलं मरणाचं भूत निघून जावं आणि शनिवारी डॉक्टरांच्या हाताला यश यावं."

सवयीने सगळे म्हणाले, प्रभो, आमची प्रार्थना ऐक. फ्लॉसीने डोळे उघडले. समोर रोझलीन, तिचा चेहरा पांढराफटक. आणि तिच्या मागे, दाराशी, प्रीतल. कित्येक दिवसांनी ती त्या दिवशी पहिल्यांदा रोझरीला आली होती.

प्रीतलने चपला घातल्या आणि ती निघून गेली.

फ्लॉसीने देवाला सांगितलं होतं, आणि देवापासून काय लपवायचं? पण देवाबरोबर सगळी आळी बसली होती. दुसऱ्या दिवशी मासळी घेताना बायका रोझलीनला हळू आवाजात विचारू लागल्या. कोणी म्हणालं, अमक्या गावातल्या बाबाकडे ने. कोणी म्हणालं, आता हिच्या लग्नाचं कठीण. प्रीतलने खोली धरली. सुझान आली तर दार उघडलं नाही. खिडकीशी उभी राहून सुझान तिच्याशी एकटीच बोलत राहिली. आतून एकदाच आवाज आला. "तुमचं 'इथलं इथेच' कळलं मला. जा."

शनिवार आला आणि गेला. टेम्पो जागचा हलला नाही. रोझलीन आणि तिची बहीण आळीपाळीने घरात बसून होत्या, खोलीची कडी काढून ठेवली होती. सुझान डॉक्टरांशी फोनवर बोलून रोझलीनला काय करायचं ते सांगत होती. पण मुलीने स्वतः तोंड उघडल्याशिवाय पुढे सरकणार कसं?

फ्लॉसीने चटई गुंडाळून ठेवली. पिकलेली केळी काळी पडत चालली तरी तिने हात लावला नाही. ती प्रीतलच्या दाराशी माफी मागायला गेली तर रोझलीनने अडवलं. "आता नको बोलू, फ्लॉसीबाय. लय बोललीस." घरी येऊन ती प्लासिडपुढे ढसाढसा रडली.

"जीभ कापून टाकावी," ती म्हणाली.

प्लासिडने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मग म्हणाला, "जिभेचं काय चुकलं? दुसऱ्याचं सांगितलंस. आपलं कधी सांगितलंस?"

लग्न झाल्यापासून त्या नवराबायकोत ॲलिस्टरचं नाव जेमतेम एकदोनदा निघालं असेल.

महिन्याचा शेवटचा दिवस. मूर्ती फ्लॉसीच्या घरी यायची होती. तिने अंगण सारवल्यासारखं लख्ख झाडलं, सोनचाफ्याची फुलं वाहिली, चणे उकडले. आळी जमली. सगळ्यांच्या नजरा भिंतीपलीकडच्या खिडकीकडे जात होत्या आणि सगळे तिकडे न पाहिल्यासारखं करत होते. खिडकी बंद नव्हती. अर्धी उघडी होती. रोझलीन आली नाही, ती आत मुलीपाशी बसली होती.

जपमाळ झाली. विनंत्यांची वेळ आली. कार्मिनने आपल्या गुडघ्यांसाठी मागितलं. मग फ्लॉसी उठून उभी राहिली. या वेळी तिने डोळे मिटले नाहीत. आवाज मात्र तोच, दोन वाड्या ओलांडणारा. तो तिने मुद्दामच खाली आणला नाही.

"माझ्या भावासाठी. ॲलिस्टरसाठी."

आळीत कोणाला हा भाऊ ठाऊक नव्हता.

"माझ्या पाठचा. सतरा वर्षांचा होता. माऊथ ऑर्गन वाजवायचा. एका वर्षी वाजवायचा थांबला. मग जेवायचा थांबला. बा म्हणाला, आळशी आहे. आई म्हणाली, नजर लागली. मी म्हणाले, नाटकं करतो. कोणीही त्याला विचारलं नाही, की बाबा, तुला काय होतंय? एका सकाळी तो गेला. आपल्या हाताने गेला. आम्ही फादरना सांगितलं, ताप होता. गावाला सांगितलं, ताप होता. नाहीतर त्याला चर्चच्या दफनभूमीत नीट माती मिळाली नसती, असं तेव्हा वाटायचं. आई मरेपर्यंत ताप म्हणत गेली. मीही म्हणत आले." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "ॲलिस्टरला ताप नव्हता. त्याला डॉक्टर हवा होता, आणि आम्हाला लाज वाटत होती."

चण्यांच्या पातेल्यावरचं झाकण वाफेने हलत होतं, तेवढाच आवाज.

"आणि माझ्यासाठी पण मागा," फ्लॉसी म्हणाली. "मी एका पोरीचं गुपित चव्हाट्यावर आणलं. ते माझ्या हक्काचं नव्हतं. माझ्या हक्काचं हे होतं. येत्या शनिवारी मी स्वतः दवाखान्यात सुझानकडे जाणार आहे. मागच्या दाराने नाही. ज्याला बघायचं त्याने बघावं."

मग मागून, भिंतीला टेकून उभ्या प्लासिडने एकट्याने म्हटलं, "प्रभो, आमची प्रार्थना ऐक." हळूहळू सगळी आळी त्याच्यामागून म्हणाली. कार्मिन डोळ्यांना पदर लावून बसली होती.

सकाळी फ्लॉसी मांडवावर उरलीसुरली केळी उलटत होती. भिंतीपलीकडे पावलं वाजली. प्रीतल. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. ती किती वेळ तशीच उभी राहिली. फ्लॉसीच्या ओठांवर शंभर गोष्टी आल्या. तिने एकही बाहेर येऊ दिली नाही. त्या बाईला हे किती कठीण गेलं असेल ते तिला ओळखणारेच जाणोत.

"मावशी," शेवटी प्रीतल म्हणाली, "ताप नव्हता, मग त्याला काय होत होतं?"

"माहीत नाही गो, बाय. आम्ही विचारलंच नाही."

प्रीतलने भिंतीवरचं शेवाळ नखाने खरवडलं. मग मान वर न करता म्हणाली, "मग मला विचार ना."

फ्लॉसीने हातातलं केळं खाली ठेवलं. हात गाऊनला पुसले. भिंतीपाशी गेली आणि विचारलं. कसं विचारलं, प्रीतलने काय सांगितलं, हे आजतागायत कोणाला ठाऊक नाही. फ्लॉसीला विचारून बघा. ती तुम्हाला केळ्यांविषयी सांगेल. एवढंच दिसलं की ऊन डोक्यावर येईपर्यंत दोघी भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या होत्या, आणि जास्त वेळ बोलत होती ती प्रीतल.

शनिवारी सकाळी आगाशीच्या बाजाराने एक नवल पाहिलं. दवाखान्याच्या त्या बाकड्यावर, बसस्टॉपच्या अगदी समोर, फ्लॉसी रुमाव बसली होती. रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाताना नेसतात तशी चांगली साडी नेसून. आणि तिच्या शेजारी प्रीतल. प्लासिडने मागच्या दाराकडे टेम्पो वळवला होता. प्रीतलच म्हणाली होती, इथेच थांबवा. समोरच्या मासळीवाल्यांमध्ये रोझलीन मासळीची पाटी पुढ्यात घेऊन बसली होती, आणि तिने तोंड लपवलं नव्हतं.

मुलगी बरी झाली का, असं विचाराल तर एका शनिवारात कोणी बरं होत नसतं. औषधं सुरू झाली, सुझानशी बोलणं सुरू राहिलं, वाईट दिवस नंतरही आले. यंदा ती कॉलेजात परत जाते आहे. गायनवृंदात अजून उभी राहत नाही, पण चटईवर केळी सोलताना गुणगुणते. आणि त्या बाकड्यावर आता मुलं बसतात. काही अजून टेम्पोतूनच येतात, त्यांनाही कोणी काही म्हणत नाही.

पण त्या पहिल्या शनिवारी बाकड्यावर दोघीच होत्या. बाजाराचे सगळे डोळे त्यांच्यावर. हातात पिशवी घेऊन कार्मिन समोरून आली. थबकली. तिचा स्वभाव तो, राहवलं नाही.

"काय गो फ्लॉसी, इथे कशाला बसल्या तुम्ही दोघी?"

फ्लॉसीने तोंड उघडलं. मग मिटलं. मान वळवून तिने प्रीतलकडे पाहिलं, आणि वाट पाहिली.

"डॉक्टरांची वाट बघतोय," प्रीतल म्हणाली. "पहिला नंबर माझा आहे."

कार्मिनने पिशवी खाली ठेवली. "जरा सरका," ती म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी बसली.